हजाराचं कोलोन की दहा हजारांचा परफ्यूम? लिंबू-लाकडी सुगंध पारखायचा कसा

साताऱ्याचा राजपथ असो किंवा सांगलीचा मारुती रोड, सेंटच्या काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहिलं तर एक प्रश्न हमखास कानावर येतो : "टिकतो किती वेळ?" दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं, सकाळी मारला की संध्याकाळपर्यंत बघायला नको. मग मनगटावर एक फवारा, एकदा हुंगणं, आणि बाटली पिशवीत.

पूर्वी हा व्यवहार दोन-तीनशे रुपयांत संपायचा. आता लग्नातल्या नवरदेवासाठी, पहिल्या पगाराची हौस म्हणून किंवा दुबईहून येणाऱ्या मामेभावाला सांगून मागवायची म्हणून, हजाराच्या बाटलीशेजारी दहा हजारांची बाटलीही विचारात घेतली जाते. दोन्ही खोक्यांवर जवळपास एकच वर्णन असतं : 'सिट्रस वुडी'. म्हणजे सुरुवातीला लिंबू-संत्र्याचा ताजेपणा आणि नंतर चंदन, देवदार, वाळा अशा लाकडा-मुळांचा वास. वर्णन एकच असेल, तर वरचे नऊ हजार रुपये कशाचे?

त्यातले काही वासाचे असतात, बरेचसे नसतात. आणि वासाचे जे असतात ते 'टिकतो किती' या प्रश्नातून कधीच कळत नाहीत. कारण टिकाऊपणा ही सुगंधाच्या धंद्यातली आज बऱ्यापैकी स्वस्त झालेली गोष्ट आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

युडीकोलनच्या पट्टीपासून

कोलोन हा शब्द आपल्याकडे नवा नाही. घरात कुणाला ताप चढला की कपाळावर युडीकोलनच्या पट्ट्या ठेवल्या जायच्या, ते अनेकांना आठवत असेल. ते युडीकोलन म्हणजे 'ओ द कोलोन', अर्थात कोलोनचं पाणी. जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना या इटालियन घराण्यानं १७०९ मध्ये पेढी काढली आणि योहान मारिया फरिना यानं लिंबूवर्गीय फळांच्या तेलांचं हलकं मिश्रण तिथून विकायला सुरुवात केली. पुढे त्याच शहरात १७९२ पासून ज्याचा इतिहास सांगितला जातो ते '४७११' आलं. हा आकडा म्हणजे ग्लोकनगासं या गल्लीतल्या घराचा क्रमांक. दोन्ही आजही विकली जातात, आणि ४७११ तर जगातल्या स्वस्त सुगंधांत मोडतं.

तापाच्या पट्टीला युडीकोलन का, तर त्यात अल्कोहोल भरपूर. ते भराभर उडतं आणि उडताना कपाळाची उष्णता घेऊन जातं. हेच अल्कोहोल आजच्या प्रत्येक स्प्रेचा मुख्य घटक आहे, मग ती बाटली हजाराची असो की दहा हजारांची. कृष्णाकाठच्या माणसाला याचं नवल वाटायला नको. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमध्ये मळीपासून जे अल्कोहोल निघतं, त्याचंच अधिक शुद्ध केलेलं, स्वतःचा वास नसलेलं रूप सुगंधासाठी वापरलं जातं.

त्या अल्कोहोलमध्ये सुगंधी अर्क किती मिसळला आहे, यावरून नावं पडली. ढोबळमानानं कोलोनमध्ये २ ते ५ टक्के, 'ओ द तोआलेत'मध्ये ५ ते १५ टक्के, 'ओ द पार्फम'मध्ये १५ ते २० टक्के आणि नुसत्या 'पार्फम'मध्ये त्याहून जास्त. हे आकडे कायद्यानं बांधलेले नाहीत, धंद्याचा रिवाज आहे. काही कंपन्या तर भरपूर अर्क असलेल्या बाटलीवरही 'कोलोन' लिहितात, कारण तो शब्द ताजा वाटतो. तेव्हा खोक्यावरचं नाव हा अंदाज समजावा. बॉडी स्प्रेचं गणित आणखी वेगळं. त्यात बऱ्याचदा गॅसही भरलेला असतो, म्हणून डबा मोठा दिसला तरी सुगंधाचा वाटा लहान.

लिंबू उडतं, लाकूड राहतं

संत्र्याची साल नखानं दाबली की जे तुषार उडतात, त्यात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन नावाचं एकच द्रव्य असतं. त्याचा रेणू छोटा, १० कार्बन अणूंचा. छोटे रेणू पटकन हवेत जातात, म्हणून साल सोलताना वास खोलीभर पसरतो आणि तितक्याच पटकन विरतो. वाळ्याच्या किंवा चंदनाच्या तेलातले मुख्य रेणू १५ कार्बनचे, जड आणि आळशी. ते हळूहळू सुटतात. उन्हाळ्यात माठात टाकलेला वाळा दिवसभर पाण्याला वास देतो, त्याचं कारण हेच.

म्हणून लिंबू-लाकडी सुगंध म्हणजे मुळात दोन वेगवेगळ्या वेगानं धावणाऱ्या गोष्टींची मोट असते. पहिली १५-२० मिनिटं लिंबाची, नंतरचे तास लाकडाचे. अवघड काम आहे ते या दोहोंमधला सांधा जुळवण्याचं. लिंबू विरत असताना लाकूड अजून वर आलं नसेल, तर मध्ये एक पोकळी पडते आणि वास 'गेला' असं वाटतं. लाकूड फार लवकर वर आलं, तर लिंबू गुदमरतं. चांगला सुगंधकार मध्ये मिरी, जिरेनियमचं पान, लॅव्हेंडर, संत्र्याच्या फुलाचा किंवा पाल्याचा अर्क असं काहीतरी ठेवून हा पूल बांधतो.

दुकानात मनगटावर फवारा मारून आपण हुंगतो तेव्हा पहिल्या दोन मिनिटांचा वास घेतो. त्यात अर्धं अल्कोहोल असतं आणि उरलेलं लिंबू. पूल आणि लाकूड यांची गाठच पडत नाही. ऊस चाखायला शेंडा चोखावा, तसं झालं हे.

टिकाऊपणा स्वस्त कसा झाला

पूर्वी लाकडी वास हवा असेल तर चंदनाचं किंवा वाळ्याचं तेलच लागायचं, आणि ते महाग. चंदनाचं झाड तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात. वाळ्याची मुळं खणून काढावी लागतात आणि त्यातून तेल थोडंच निघतं. विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत लाकडी वासाची द्रव्यं बनवली. त्यातलं गाजलेलं नाव 'आयसो ई सुपर', १९७०च्या दशकातलं. मऊ, देवदारासारखा, काहीसा मखमली वास, आणि किंमत खऱ्या चंदनतेलाच्या तुलनेत नगण्य. त्यानंतर आणखी जोरकस द्रव्यं आली. त्यांचा थेंबभर अंश कपड्यावर धुतल्यानंतरही रेंगाळतो.

याचा परिणाम असा झाला की आज स्वस्त बाटलीला टिकाऊ करणं अगदी सोपं आहे. जोरकस लाकडी द्रव्याचं प्रमाण वाढवा, झालं काम. म्हणून अनेक स्वस्त स्प्रे महागड्यांपेक्षा जास्त टिकतात, आणि त्यातले काही डोकंही उठवतात. बंद खिडक्यांच्या एसटीत मागच्या सीटवरून येणारा तो कोरडा, घशाला टोचणारा वास ज्यांनी सातारा ते सांगली सहन केला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर महाग बाटलीतही हीच द्रव्यं असतात. २००६ साली 'मॉलेक्यूल ०१' नावाचा सुगंध बाजारात आला. त्यात अल्कोहोलमध्ये मिसळलेलं आयसो ई सुपर आहे, दुसरं कुठलंही सुगंधी द्रव्य नाही. तो चांगल्या चढ्या भावानं विकला गेला आणि अजून विकला जातो. त्याच वर्षी 'एर्मेस' या फ्रेंच घराण्याचा 'तेर द एर्मेस' आला. झाँ-क्लोद एलेना या सुगंधकारानं केलेला हा सुगंध आज लिंबू-लाकडी प्रकाराचा मापदंड मानला जातो. संत्रं आणि ग्रेपफ्रूट, मग मिरी आणि जिरेनियमचं पान, गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखा एक दगडी वास, आणि खाली देवदार व वाळा. त्यातही आयसो ई सुपर भरपूर आहे. तेव्हा 'महाग म्हणजे नैसर्गिक, स्वस्त म्हणजे केमिकल' हा हिशेब चुकीचा आहे.

स्वस्त विरुद्ध महाग या वादातली जगातली सर्वांत चघळली गेलेली जोडी मात्र वेगळीच आहे. २०१० मध्ये आलेला 'क्रीड'चा 'अव्हेंटस' आणि संयुक्त अरब अमिरातीतल्या 'अरमाफ' या ब्रँडचा 'क्लब द न्वी इंटेन्स मॅन'. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही आणि दोघांचा वास मात्र ओळखीचा. दोन्ही वापरणाऱ्यांचं सर्वसाधारण मत असं की अरमाफची सुरुवात झोंबणाऱ्या लिंबासारखी कडक आहे, पण अर्ध्या-पाऊण तासानंतर फरक सांगणं अवघड जातं आणि टिकण्यात तो कमी पडत नाही. म्हणजे 'टिकतो किती' हा निकष लावला तर दहापट महाग बाटली हरली. जुन्या धाटणीच्या ४७११ची गत नेमकी उलट. त्याचं लिंबू सुरेख, पण खाली लाकूड जवळपास नाहीच, म्हणून तासाभरात सगळं संपतं. दोन्ही स्वस्तच, पण एकात एक बाजू पडकी आणि दुसऱ्यात दुसरी.

मग जास्तीचे पैसे कशाचे?

वासापुरतं बोलायचं तर मुख्यतः पहिल्या अर्ध्या तासाचे. संत्र्याचं तेल स्वस्त असतं, कारण रसाच्या कारखान्यांत ते जोडउत्पादन म्हणून निघतं. इटलीच्या कालाब्रिया भागात पिकणाऱ्या बर्गमॉट या फळाचं तेल त्या मानानं बरंच महाग. त्यात लिमोनीनबरोबर लिनालिल अ‍ॅसिटेट भरपूर असतं आणि त्यामुळे त्याच्या लिंबाला फुलासारखी मऊ कड येते. स्वस्त बाटलीत ही जागा अनेकदा डायहायड्रोमिर्सिनॉल नावाचं द्रव्य भरून काढतं. वास थंड, धातूसारखा, ताजा. ते वाईट नाही. १९८८ च्या 'कूल वॉटर' या प्रसिद्ध सुगंधाचा तो कणा आहे. पण हेच द्रव्य कपडे धुण्याच्या पावडरींतही सढळ वापरलं जातं. त्यात आपल्या घरात लिंबाचा वास म्हटला की भांड्यांचा साबण आधी आठवतो. स्वस्त लिंबू-लाकडी स्प्रे नाकाशी नेल्यावर 'मोरीचा वास येतोय' असं कुणी म्हणालं, तर त्याचं नाक बिघडलेलं नसतं.

दुसरा फरक आधी सांगितलेल्या सांध्यात असतो. वास बदलत जातो की एका पायरीवरून दुसरीवर धप्पकन पडतो, हे महाग बाटलीत बहुधा नीट सांभाळलेलं असतं. बहुधा म्हणायचं कारण, महाग घराण्यांनीही आळसानं केलेले सुगंध कमी नाहीत.

बाकीची किंमत बाटली, जाहिरात, चित्रपट नटांचे करार, मॉलमधली जागा, वितरकाचं कमिशन, आयात शुल्क आणि १८ टक्के जीएसटी यांत जाते. आतल्या द्रवाचा खर्च या सगळ्यात लहान असतो. म्हणून फसवणूक झाली असं म्हणण्याचं कारण नाही. पैठणीचीही किंमत रेशमाच्या वजनावर ठरत नाही. पण आपण वासाचे पैसे देतोय की खोक्याचे, हे आपलं आपल्याला ठाऊक असावं.

नाकाला किंमत सांगू नका

इथं मोठी अडचण आपल्या डोक्याची आहे. २००५ मध्ये 'न्यूरॉन' या शास्त्रीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना एकच वास दोनदा दिला, एकदा 'चेडर चीज' आणि एकदा 'अंगाचा वास' अशी चिठ्ठी दाखवून. चीज म्हटल्यावर तोच वास लोकांना जास्त बरा वाटला. मेंदूच्या चित्रांतही फरक दिसला. २००८ मध्ये वाइनवर असाच प्रयोग झाला. एकच वाइन ५ डॉलरची म्हणून आणि ४५ डॉलरची म्हणून पाजली, तर महाग सांगितलेली जास्त आवडली. लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना ती खरंच जास्त आवडत होती.

तेव्हा दहा हजारांची बाटली हातात धरून केलेली तुलना म्हणजे नाकाची परीक्षा नव्हे. परीक्षा घ्यायची तर किंमत झाकून घ्यायला हवी, आणि ते घरी सहज जमतं. पूर्ण बाटली विकत घेण्याआधी दोन्हींचे लहान नमुने मिळवावेत. मोठ्या कंपन्या दीड-दोन मिलीच्या कुप्या काढतात. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये गेलात तर कागदी पट्टीवर फवारा मागून ती छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आणता येते, पण कुपी मिळाली तर उत्तम, कारण पट्टीवरचं लिंबू घरी पोचेपर्यंत उडालेलं असतं.

मग घरातल्या कुणाला तरी कामाला लावा. धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या सुती कापडाचे तीन तुकडे घ्यावेत. दोनांवर एकच सुगंध, तिसऱ्यावर दुसरा. कुठल्यावर कुठला हे लावणाऱ्यानंच लिहून ठेवायचं, तुम्ही पाहायचं नाही. आता ओळखायचं एवढंच : वेगळा कोणता? अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळांत चव तपासायला हीच त्रिकोण पद्धत वापरतात. नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते. सहा वेळा वेगवेगळ्या क्रमानं केलं आणि पाच किंवा सहा वेळा बरोबर आलं, तर तुम्हाला फरक खरंच कळतोय, कारण नशिबानं इतकं बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आहे. चार बरोबर आले तर मामला संशयाचा. दोन-तीन आले तर तुमच्या नाकापुरते दोन्ही सारखे, आणि नऊ हजार रुपये वाचले.

हे लावल्यानंतर पाच मिनिटांनी एकदा करावं आणि तीन तासांनी पुन्हा. दोन्ही वेळचे निकाल वेगळे येऊ शकतात, आणि तीच या परीक्षेतली खरी माहिती. पाच मिनिटांनी फरक कळतो पण तीन तासांनी नाही, असं झालं तर महाग बाटलीचा फायदा तुम्हाला रोज सकाळचा तेवढा अर्धा तास मिळणार. कुणाला तो हवा असेल, कुणाला नसेल.

सहाही फेऱ्या एका दमात उरकू नयेत. नाक लवकर थकतं. दोन-दोन फेऱ्या करून मध्ये बाहेर जाऊन यावं. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याचा विशेष उपयोग नसतो. २०११ च्या एका अभ्यासात कॉफी, लिंबाची फोड आणि साधी हवा यांत काही फरक आढळला नाही. आणि एक लक्षात ठेवावं, काही लाकडी व कस्तुरीसारखी द्रव्यं काही लोकांच्या नाकाला जन्मजात कळतच नाहीत. तुम्हाला वास गेलासा वाटतो, शेजारच्याला भरभरून येत असतो. म्हणून तीन तासांनंतरच्या परीक्षेत घरातलं दुसरं एक नाकही बसवावं.

फरक कळला तर शेवटचा प्रश्न, तोही किंमत झाकूनच : यातला रोज कोणता लावशील? वेगळा असणं आणि चांगला असणं यात गल्लत होते. अंगावर लावून ठरवायचं तर एका हातावर एक, दुसऱ्यावर दुसरा, अंघोळीनंतर दोन तासांनी, म्हणजे साबणाचा वास उतरलेला असतो.

जतचं ऊन आणि महाबळेश्वरचा पाऊस

परदेशी परीक्षणं वाचून बाटली मागवणाऱ्यांची फसगत बहुतेकदा हवामानात होते. पॅरिसच्या वसंतात आठ तास टिकणारा सुगंध एप्रिलमध्ये जत-आटपाडीकडे वेगळाच वागतो. तापमान २५ अंशांवरून ४० अंशांवर गेलं की लिमोनीनची उडून जाण्याची ओढ, म्हणजे बाष्पदाब, साधारण अडीच पट होतो. लिंबाची आधीच छोटी असलेली खेळी आणखी आखडते. लाकडी भागही भराभर सुटतो, म्हणून जोरकस सुगंध उन्हात अंगावर येतात. कोरड्या हवेत कातडी कोरडी आणि नाकही कोरडं, त्यामुळे वास धरला जात नाही आणि नीट कळतही नाही. अशा हवेत महाग, नाजूक लिंबू लावून दुपारी मोटारसायकलवर निघणं म्हणजे पैसे रस्त्यावर उडवणं. स्वस्त कोलोन खिशातल्या छोट्या बाटलीत घेऊन दोन-तीनदा लावणं जास्त शहाणपणाचं. कोलोनचा जन्मच मुळी पुन्हा-पुन्हा लावण्यासाठी झालेला आहे.

सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात, किंवा पावसाळ्यात अगदी सातारा-वाईतही, चित्र बदलतं. हवा थंड आणि दमट असते. लिंबू रेंगाळतं, लाकूड हळू उलगडतं, वाळा आणि मातीचा वास एकमेकांत मिसळतात. सांध्याचं कौशल्य खरं तर अशा हवेत कळतं. म्हणून नमुन्यांची परीक्षा ज्या ऋतूत आणि ज्या गावात सुगंध वापरायचा, तिथंच घ्यावी. मे महिन्यात सांगलीत घेतलेला निर्णय जुलैत पाचगणीला लागू पडेलच असं नाही. कोरड्या कातडीवर लावण्याआधी बिनवासाची व्हॅसलीन किंचित चोळली तर टिकण्यात फरक पडतो. कपड्यावर मारणार असाल तर पांढऱ्या सदऱ्यावर आधी आतल्या बाजूला एक फवारा मारून डाग पडतो का ते पाहावं.

फवाऱ्याचा हिशेब

साधारण पंपातून एका दाबाला ०.१ मिली द्रव येतो. म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत सुमारे हजार फवारे. हजाराच्या बाटलीचा फवारा एक रुपयाला, दहा हजारांच्या बाटलीचा दहा रुपयांना. कोलोन दिवसातून तीनदा, दर वेळी तीन फवारे लावलं तरी नऊ रुपये. महाग सुगंध सकाळी एकदाच तीन फवारे, तीस रुपये. रोज ऑफिसला लावायचा तर महिन्याच्या २५ दिवसांचा फरक सव्वापाचशे रुपये. फक्त लग्न-मुंजीला, वर्षातून १५ दिवस लावायचा असेल, तर फरक वर्षाला तीनशे-सव्वातीनशे. पण मग १०० मिलीची बाटली वीस वर्षं पुरेल आणि त्याआधीच खराब होईल, म्हणून अशा माणसानं छोटी बाटलीच घ्यावी. लिंबूवर्गीय तेलं हवा आणि उष्णता लागून खराब होतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात आंबूस होऊ शकते. कपाटातला अंधारा कोपरा बरा.

खराब झालेलं लिमोनीन नुसता वास बिघडवत नाही. हवेशी संयोग होऊन त्यातून जी द्रव्यं तयार होतात, त्यांनी काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. खोक्यावर लिमोनीन, लिनालूल, सिट्राल अशी नावं छापलेली असतात ती यासाठीच. शिवाय बर्गमॉटच्या तेलात नैसर्गिकरीत्या बर्गॅप्टेन असतं. ते लागलेल्या जागी ऊन पडलं तर मानेवर ओघळाच्या आकाराचे काळपट डाग पडतात. बड्या कंपन्या बर्गॅप्टेन काढून टाकलेलं तेल वापरतात किंवा प्रमाण मर्यादेत ठेवतात. कुठं बनला, कुणी बनवला हे न लिहिलेल्या मालाची ही हमी कोण देणार? शेतात, उन्हात काम असेल त्या दिवशी कुठलाही लिंबू-सुगंध मानेवर न मारता कपड्यावर मारावा.

स्वस्त आणि बनावट यात फरक आहे

स्वतःच्या नावानं, स्वतःच्या बाटलीत दुसऱ्याच्या वासासारखा वास विकणं ही एक गोष्ट. वासाच्या मिश्रणाचं विश्लेषण यंत्रानं करता येतं आणि वासावर मालकी सांगणं कायद्यानं कठीण आहे. २००६ च्या जून महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं सुगंधाला कॉपीराइट मिळू शकतो असं म्हटलं, आणि त्याच महिन्यात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं मिळू शकत नाही असं म्हटलं. अरमाफसारखे ब्रँड उघडपणे चालतात ते याच जागेत.

दुसऱ्याचं नाव आणि चिन्ह लावून विकणं ही मात्र वेगळी गोष्ट. 'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी' म्हणून हजार-दीड हजारात मिळणारी नामांकित बाटली भारतात ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ खाली गुन्ह्याचा माल आहे. ती घेणाऱ्याला स्वस्त कोलोनही मिळत नाही आणि महाग परफ्यूमही नाही. रीतसर आयात झालेल्या बाटलीच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, सर्व करांसह एमआरपी आणि मूळ देश छापलेला किंवा चिकटवलेला असतो. देशी मालावर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक असतो. हे नसेल तर दुकानदाराला बिल मागावं. बिल द्यायला तो का-कू करू लागला की बाटली परत ठेवावी.

एक तिसरी वाट

परीक्षेत महाग बाटलीचं लाकूड आवडलं पण पैसे जड वाटले, तर वाळ्याचं अत्तर आठवावं. कनौजकडे तांब्याच्या देगेत वाळ्याची मुळं उकळून जे शुद्ध तेल काढतात त्याला रूह खस म्हणतात. ते महाग असतं, पण दोन-तीन मिलीची कुपी वर्षभर पुरते, कारण लागतो तो काडीच्या टोकाएवढा अंश. मिरजेच्या उरुसात किंवा कुठल्याही जत्रेत गडद हिरवं, पाण्याच्या भावात मिळणारं 'खस' बहुधा रंग घातलेलं कृत्रिम मिश्रण असतं. त्याचा वास सरबताच्या बाटलीसारखा गोड येतो. खऱ्या रूह खसला माती, मुळं आणि थोडासा धूर असा वास असतो.

मनगटाच्या आतल्या बाजूला खसचा तो अंश आधी लावायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि त्यावर साधं लिंबाचं कोलोन मारायचं. लिंबू गेलं की खाली वाळा तयार असतो. तेर द एर्मेसची बरोबरी यानं होत नाही. मधला मिरी-जिरेनियमचा पूल इथं नसतो, त्यामुळे पाऊण तासाच्या आसपास वास जरा अडखळतो. पण नंतरचे चार-पाच तास जे हाती लागतं, ते बऱ्याच महाग बाटल्यांत नसतं. दोन कापडी तुकड्यांवर हे मिश्रण आणि तिसऱ्यावर महाग नमुना, अशी आणखी एक त्रिकोण परीक्षा घ्यायला हरकत नाही.